कॉलेजचं चार पानी वृत्तपत्र काढायचंय, पानं कशात लावायची?

सागरवेळ

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातल्या एका छोट्या कॉलेजात मराठी शिकवते. आमच्याकडे भित्तीपत्रक बरीच वर्षं निघतं पण यंदा मुलांनी हट्टच धरलाय की छापील अंक हवा, महिन्यातून एकदा, चार पानं, ए-थ्री कागद मधे दुमडून. पहिला अंक ६ जानेवारीला. पत्रकार दिन म्हणून तर आहेच, पण बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले आमच्याच तालुक्यातलं आणि १८३२ साली त्याच तारखेला त्यांनी 'दर्पण' काढलं, त्यामुळे ही तारीख चुकवायची नाही असं मुलांचं म्हणणं आहे आणि माझंही.

प्रश्न असा की पानं लावायची कशात? लॅबमध्ये सहा कॉम्प्युटर धड चालतात, विंडोज १०, रॅम ४ जीबी. छपाईचे पैसे कॉलेज देणार, चारशे प्रतींचे, सॉफ्टवेअरला एक रुपया नाही. मी वर्डमध्ये एक पान करून पाहिलं, तीन कॉलम केले, फोटो टाकला, आणि फोटो दोन ओळी खाली घेतला तर पुढच्या पानावरची बातमीच पळून गेली. एक माजी विद्यार्थी म्हणतो पेजमेकर, म्हणजे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर, टाकून देतो, सीडी आहे. प्रेसवाले म्हणतात कोरलड्रॉमध्ये द्या नाहीतर पीडीएफ द्या. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, मला यातलं काहीच येत नाही पण शिकायची तयारी आहे.

रात्रपाळी

मॅडम, आधी अभिनंदन, मुलं स्वतःहून छापील अंक मागतायत हे वाचून फार बरं वाटलं. मी जिल्हा आवृत्तीत उपसंपादक आहे, रोज रात्री पानं लावून घेतो. सॉफ्टवेअर नंतर ठरवा, आधी ए-थ्रीचा एक कोरा कागद दुमडा आणि पेन्सिलने डमी काढा. कुठली बातमी कुठे, फोटो केवढा, चौकट कुठे. ही डमी मुलांनीच काढायची, सगळी भांडणं तिथेच होऊ देत.

आणि कॉलम तीनच ठेवा. ए-फोर पान २१० मिमी रुंद, दोन्हीकडे १२ मिमी समास सोडला तर १८६ उरतात, कॉलममधे ५ मिमी जागा धरली की एक कॉलम साधारण ५८ मिमी होतो. चार केले तर ४२ वर येतो आणि तिथे मराठीचे हाल होतात कारण आपले शब्द लांब. 'विद्यार्थ्यांसाठीच्या' हा एकच शब्द अर्धी ओळ खातो, मग दोन्ही कडा सारख्या करायच्या नादात उरलेल्या दोन शब्दांमधे बोट जाईल एवढी फट पडते. इंग्रजी पेपर बघून मुलं पाच कॉलम मागतील, देऊ नका.

जुळारी

मी बोलतो कारण पेजमेकरचं नाव निघालं. वडिलांच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, मग पंधरा-वीस वर्षं पेजमेकर. माझं घर त्या सॉफ्टवेअरवर चाललं, त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. १९८५ साली आल्डसने ते काढलं आणि छापखान्याचं काम टेबलावर आलं, आमच्यासारख्या लहान माणसांना त्यामुळेच धंदा करता आला. तरीही सांगतो, घेऊ नका. सीडीवरून टाकून देतो म्हणजे चोरीचं, कॉलेजात ते नको हा एक भाग झाला. दुसरं, शेवटची आवृत्ती सात नंबरची, ती २००१ ची, आल्डस तोवर अडोबीने विकत घेतलं होतं, आणि त्यानंतर त्यांनी सगळा जोर इनडिझाइन या आपल्या नव्या सॉफ्टवेअरवर लावला.

आणि सगळ्यात मोठं कारण, पेजमेकरला युनिकोड कळत नाही. म्हणजे मुलं मोबाईलवर जे मराठी टाइप करतात ते तसंच्या तसं त्यात चालणार नाही. ते आधी जुन्या फॉन्टात कन्व्हर्ट करायचं, आणि कन्व्हर्ट करताना काय होतं ते ऐका. एका स्मरणिकेचं काम होतं, सह्याद्रीवरचा लेख. लेखकाने लिहिलं होतं 'दऱ्या', कन्व्हर्ट होऊन आलं 'दर्या'. डोंगर आणि दर्या, डोंगर आणि दर्या, अख्ख्या लेखभर. मी प्रूफ वाचलं पण कोकणातला माणूस मी, मला दर्या खटकला नाही. सातशे प्रती छापून झाल्या. लेखक वयस्कर होते, काही बोलले नाहीत, फक्त ती प्रत हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. चूक माझीच होती, आजही आठवलं की जीवाला लागतं.

त्या जुन्या फॉन्टात आत खरं मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरा चढवलेला असतो. फॉन्ट बदलला की सगळा कचरा. आज ज्यांच्याकडे नव्वदच्या दशकातल्या फायली आहेत त्यांना त्यातलं एक नाव शोधून काढता येत नाही. तुमच्या मुलांचं लिखाण असं अडकवू नका.

तांबडी_माती

जुळारीकाकांशी शंभर टक्के सहमत, युनिकोडच पाहिजे. पण मग थेट इनडिझाइन शिकवा की. मी पुण्यात एका प्रकाशनात लेआउट करते, नोकरीच्या जाहिरातीत सगळीकडे तेच नाव असतं, कॉलेजात हात बसला तर मुलांना पुढे कामाला येईल. मराठीचं म्हणाल तर एक सेटिंग लक्षात ठेवायचं, पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर, म्हणजे अक्षरं आणि ओळी जुळवणारा भाग, निवडायचा. तो नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते, जोडाक्षरं सुटी होऊन पायमोडके हलन्त दिसतात आणि लोकांना वाटतं फॉन्ट खराब आहे, फॉन्ट बदलत बसतात बिचारे. फॉन्ट ठीक असतो, कंपोझर चुकीचा असतो. भाषा पण मराठी निवडा, सीएस-सिक्स या आवृत्तीपासून मराठी त्यात आहे, शब्द तोडायला मदत होते आणि ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

सागरवेळ

तांबडी_माती, हे वाचून मोह होतोय. पण दर महिन्याचं भाडं कोण भरणार हो? मी एकटीने भरलं तर माझी बदली झाल्यावर काय? आणि आमचे कॉम्प्युटर ४ जीबीचे.

तांबडी_माती

हो, ते मी नीट वाचलं नव्हतं. सध्याच्या आवृत्तीला किमान ८ जीबी लागते, ४ वर चालणारच नाही. आणि वर्गणी थांबली की तुमच्याच फायली तुम्हाला त्यात उघडता येत नाहीत हेही खरं. विद्यार्थ्यांना सवलत असते पण सहा मशीन म्हटलं तर तुमच्या परिस्थितीत जड जाईल. तरी माझं मत नोंदवून ठेवते, कॉलेजने पुढे कधी एक चांगलं मशीन घेतलं तर विचार करा.

अटलांटिकपलीकडे

मी न्यू जर्सीत असतो, इथल्या आमच्या मंडळाचा वार्षिक अंक गेली काही वर्षं मी लावतो, हौशी माणूस, पेशाने केमिकल इंजिनीअर. आम्ही स्क्रायबस वापरतो. मुक्त सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट, विंडोज लिनक्स मॅक तिन्हीवर चालतं, साध्या मशीनवर पण चालतं. बऱ्याच लोकांच्या डोक्यात बसलंय की स्क्रायबसमध्ये मराठी तुटतं, ते १.४ पर्यंत खरं होतं. १.५.३ पासून अक्षरं जुळवण्यासाठी त्यात हार्फबझ आलं, तेच जे अँड्रॉइड वापरतं, आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही पक्की आवृत्ती आली. तेव्हा कुठल्याही वेबसाइटवर जुनं ट्युटोरियल बघून घाबरू नका आणि १.६ च्या आधीची टाकू नका.

एक मात्र मनावर घ्या. स्क्रायबस फोटो फाइलच्या आत ठेवत नाही, फक्त पत्ता लक्षात ठेवतं. पहिल्या वर्षी मी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मित्राकडे गेलो, उघडली तर छत्तीस चौकोन रिकामे. त्यात एका आजींचा श्रद्धांजलीचा फोटो होता, घरी परत जाऊन आणला. तेव्हापासून फाइल मेन्यूतलं 'कलेक्ट फॉर आउटपुट' केल्याशिवाय मी उठत नाही, ते फाइल, फोटो, फॉन्ट सगळं एका फोल्डरमध्ये गोळा करतं.

वाटसरू७

अफिनिटी पण बघा ना, तेही पानं लावायचं सॉफ्टवेअर आहे, ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालंय. मायक्रोसॉफ्ट पब्लिशर मात्र कोणी सुचवलं तर नको, ऑक्टोबर २०२६ ला बंद होतंय.

कोड_आणि_कविता

अफिनिटीत देवनागरी जोडाक्षरांना वर्षानुवर्षं आधारच नव्हता, म्हणून त्यातलं मराठी तपासल्याशिवाय हात घालू नका. मुळात कुठलंही सॉफ्टवेअर असो, पाच मिनिटांत परीक्षा घेता येते. हे शब्द टाइप करून पीडीएफ काढायची: विद्यार्थी, तऱ्हा, दऱ्या, दर्या, स्त्री, उद्घाटन, द्वंद्व, क्लिष्ट, ज्ञानेश्वरी, ॲप, ऑक्टोबर, कर्तृत्व. स्क्रीनवर नाही, पीडीएफ काढून. आणि ती पीडीएफ दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर उघडून बघायची, कारण आपल्या मशीनवर फॉन्ट असतोच, सगळं छानच दिसतं.

टीवायची_मी

नमस्कार, मी मॅडमच्या टीममधली आहे. मला एक बोलायचंय, मॅडम रागावू नका. आमच्यातल्या बारापैकी नऊ जणांकडे घरी कॉम्प्युटर नाहीये, सगळं मोबाईलवर. लॅब चारला बंद होते आणि माझी गाडी साडेचारची आहे. कॅनव्हा मोबाईलवर चालतं, मराठी फॉन्ट पण आहेत, मी गणपतीचं पोस्टर त्यात केलं होतं ते सगळ्यांना आवडलं. कॅनव्हात केलं तर सगळ्यांना करता येईल, नाहीतर ज्यांना लॅबमध्ये थांबता येतं त्या दोघातिघांचाच पेपर होईल.

रात्रपाळी

ताई, तुझा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. कॅनव्हा पोस्टरला उत्तम. पेपरला अडचण अशी की त्यात एका कॉलमचा मजकूर भरला की आपोआप पुढच्या कॉलममध्ये वाहत नाही. तू सहाशे शब्दांची बातमी तीन तुकडे करून तीन चौकटींत ठेवलीस आणि मॅडमनी वरच्या परिच्छेदातलं एक वाक्य काढलं, की तिन्ही तुकडे पुन्हा हाताने कापायचे. चार पानांत असं तीस वेळा होतं. तिथे चुका शिरतात, ओळ गळते नाहीतर दोनदा येते.

पण पेपर म्हणजे फक्त पानं लावणं नव्हे. आमच्याकडे वार्ताहर गावात बसून फोनवरच बातमी लिहितो, ऑफिसात कधी येतही नाही. तसं वाटून घ्या. लिहिणं, तपासणं, मथळे, फोटो हे सगळं मोबाईलवर गूगल डॉक्समध्ये, त्यात बाराही जण. पानं लावायला महिन्यातले दोन दिवस दोन-तीन जण. आणि ते दोन-तीन जण दर अंकाला बदलायचे, हे मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगून टाकायचं. फोटोचं काम तर पूर्ण मोबाईलवाल्यांचंच. फक्त व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो बारीक होऊन येतो. एका कॉलमच्या फोटोला निदान ७०० पिक्सेल रुंदी लागते, पूर्ण पानाच्या रुंदीला २२०० च्या आसपास.

टीवायची_मी

दर अंकाला बदलायचे हे असेल तर मला चालेल. थँक यू सर.

जुळारी

आणखी एक, छपाईचं. अंक एका रंगात आहे का चार?

सागरवेळ

पहिलं आणि चौथं पान रंगीत, आतली दोन काळीपांढरी. कागदाच्या एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला नाही, प्रेसवाल्यांनीच तसं सुचवलं, स्वस्त पडतं म्हणाले.

जुळारी

चांगला सल्ला दिलाय त्यांनी. मग हे बघा. रंगीत पानावर मजकुराचा काळा हा फक्त काळ्या शाईचा पाहिजे. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या आकड्यांत, शेवटचा आकडा १००, बाकी तिन्ही शून्य. वर्डमधून किंवा साध्या प्रोग्रॅममधून पीडीएफ काढली की तो काळा आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतला असतो, प्रेसला रूपांतर करताना तो चारही शायांचा होतो. मग एकेक बारीक अक्षर चार प्लेटांवरून चार वेळा कागदावर पडतं, आणि कागद केसभर जरी सरकला तरी अक्षराला निळी-तांबडी कड येते. मथळ्याला कळत नाही, पण अकरा पॉइंटच्या मजकुरात अनुस्वार आणि रफार भरून जातात. वाचणाऱ्याला नुसतं अंधुक वाटतं, कारण सांगता येत नाही. स्क्रायबसमध्ये 'ब्लॅक' नावाचा रंग आधीपासून असतो तो हाच, तोच वापरायचा, नवीन काळा बनवायचा नाही.

पीडीएफ देताना पानं एक दोन तीन चार अशी सुटी द्या. चार आणि एक शेजारी लावणं प्रेसवाल्याचं काम, त्याच्या मशीनप्रमाणे तो लावेल. आणि रंग कागदाच्या कडेपर्यंत जात असेल तर चारी बाजूंनी ३ मिमी जास्त सोडा.

कोड_आणि_कविता

फॉन्टचं कोणी बोललं नाही. मजकुराला 'तिरो देवनागरी मराठी' वापरून बघा, त्यात ल आणि श मुळातच मराठी वळणाचे आहेत, भाषेचं सेटिंग शोधत बसायला नको. त्यात ठळक नाहीये, साधा आणि तिरका दोनच. म्हणून मथळ्याला 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त', त्याची सात वजनं, म्हणजे बारीक ते जाड असे सात प्रकार आहेत. दोन्ही फुकट, छापायला परवानगीचा प्रश्न नाही.

सागरवेळ

मंडळी, शनिवारी आम्ही पाच जण लॅबमध्ये बसलो, सविस्तर लिहिते.

स्क्रायबस १.६ टाकलं. सगळ्यात जुन्या मशीनवर मुद्दाम टाकलं, उघडायला वेळ घेतो पण चालतो. वर दिलेले सगळे शब्द टाइप करून पीडीएफ काढली, पाच जणांनी पाच फोनवर उघडली. तऱ्हा, दऱ्या, दर्या तिन्ही बरोबर. 'कर्तृत्व' बघून टीवायची_मी इतकी खूश झाली की तिने स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. मग रात्रपाळी सरांनी सांगितली तशी डमी काढली, तिच्यावर पाऊण तास भांडण झालं. पहिल्या पानावर क्रीडास्पर्धा की बंदरातल्या बर्फाची बातमी, शेवटी बर्फ जिंकला.

तीन कॉलम केले, एकमेकांना जोडले, गूगल डॉक्समधून ओडीटी उतरवून मजकूर आत घेतला. आणि मजकूर पहिल्या कॉलममधून आपोआप दुसऱ्यात गेला तेव्हा मला खरंच आनंद झाला, वर्डमध्ये मी दोन रात्री याच्यासाठी झगडत होते. मजकूर ११ पॉइंट, ओळीतलं अंतर १५. दोन्ही कडा सारख्या करून बघितल्या, फटी पडल्या, म्हणून डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळं सोडलं. मुलांना आधी ते 'पेपरसारखं' वाटेना, मग कॉरिडॉरमध्ये दोन प्रिंट शेजारी लावून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं तर शिपाईकाकांपासून सगळ्यांनी मोकळ्या कडेचं पान वाचायला बरं म्हटलं.

त्रास झाला तो स्टाइलचा. आम्ही प्रत्येक मथळ्याला हाताने साइज देत बसलो आणि नंतर बदलायचा म्हटल्यावर सगळीकडे शोधत फिरलो. मग कळलं की स्टाइल आधी बनवायची असते, म्हणजे साइज वगैरे एकदाच ठरवून त्याला नाव द्यायचं. आता मजकूर, मथळा, उपमथळा, नाव, फोटोओळ अशा पाच स्टाइल केल्यात आणि कोरं पान तयार करून ठेवलंय. एका मुलाने वहीत पहिल्यापासूनच्या पायऱ्या लिहायला घेतल्यात, मराठीत, कुठलं बटण कुठे आहे त्याचं चित्र काढून. ती वही लॅबच्या कपाटात राहणार, मी असो वा नसो.

इनडिझाइन राहून गेलं याचं मला वाईट वाटतंय तांबडी_माती, पुढच्या वर्षी मशीन आलं तर तुम्हाला नक्की विचारीन.

तांबडी_माती

अहो वाईट काय त्यात. ज्याला फ्रेम जोडणं, स्टाइल, मास्टर पेज कळलं त्याला इनडिझाइन आठवड्यात येतं, हे मी स्वतः नवीन मुलांना शिकवताना पाहिलंय. वही मात्र मला बघायला आवडेल, फोटो टाकाल का?

सागरवेळ

टाकते नक्की. आत्ता एक अडलंय. मुख्य मथळा दोन ओळींचा आहे, 'बर्फाचा तुटवडा, मच्छीमार कर्जात'. वरच्या ओळीतल्या 'तु' चा उकार खालच्या 'कर्जात' च्या रफाराला टेकतोय, एकच काळा डाग दिसतोय. फॉन्टचा दोष आहे का?

जुळारी

नाही, फॉन्ट बरोबर आहे. मथळा किती पॉइंट आणि ओळीतलं अंतर किती?

सागरवेळ

३० आणि ३२.

जुळारी

इंग्रजीला ते पुरतं, आपल्याला वर रफार आणि खाली उकार दोन्ही सांभाळायचे असतात. अंतर ३८ करा. मथळ्याच्या स्टाइलमध्येच करा म्हणजे बाकीचे मथळे आपोआप होतील. तरी टेकलं तर 'मच्छीमार' वरच्या ओळीत घ्या.

सागरवेळ

३८ केलं. सुटलं काका, रफार स्वच्छ दिसतोय. उद्या ए-थ्रीवर झेरॉक्स काढून पोरांना वाचायला देते.